एकशे चव्वेचाळीस नाण्यांच्या जागा

माझ्या थोरल्या दिरांनी सगळ्या नोकरीत एकच मोठी चूक केली, आणि ती कबूल करायला त्यांना कोणी जागा देईना. माणसं चुका लपवायला धडपडतात. आमचे भाऊजी चूक हातात घेऊन दारोदार फिरले, आणि प्रत्येक दारावर त्यांना सांगण्यात आलं की चूक झालेलीच नाही.

भाऊजी संग्रहालयात होते. एकतीस वर्षं, एकाच खोलीत. त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, घरांच्या छतांना प्लास्टरची नक्षी करून देत. त्यामुळे प्लास्टर किती घट्ट कालवायचं, कधी ओतायचं, कधी हात लावायचा नाही, हे भाऊजींच्या बोटांत लहानपणापासून होतं. बाविसाव्या वर्षी ते संग्रहालयात शिपाई म्हणून लागले. एकदा नाण्यांच्या खोलीतला ठसे घेणारा माणूस आजारी पडला, तर यांनी नुसतं बघून बघून शिकलेलं काम करून दाखवलं. तेव्हापासून ते त्या खोलीतच राहिले. नाणं चिकटू नये म्हणून त्यावर शंखजिऱ्याची पूड मारायची, मऊ मेणात ते हलकेच दाबायचं, उचलायचं, आणि मेणात उमटलेल्या खळग्यात प्लास्टर ओतायचं. वाळलं की नाण्याची पांढरी प्रतिमा हातात येते. लांबच्या अभ्यासकांना खरं नाणं पाठवता येत नाही, ही प्रतिमा पाठवतात. पुढे नाण्यांचे ट्रे, चिठ्ठ्या आणि कपाटाची किल्ली, सगळंच त्यांच्याकडे आलं.

कामावर जायच्या दिवशी ते सकाळी लोणचं खात नसत. बोटाला मिठाचा अंश राहिला तर चांदीवर डाग उतरतो, म्हणे. माझी जाऊ म्हणायची, "लोकांचे नवरे बायकोला भिऊन जेवतात, आमचे मेलेल्या राजाला भिऊन जेवतात."

तो राजा म्हणजे मिनँडर. नाव मी भाऊजींकडूनच पहिल्यांदा ऐकलं. आमच्या शाळेच्या पुस्तकात ग्रीक लोक आले आणि गेले, एवढंच होतं. भाऊजींनी मला खिडकीतल्या उजेडात प्रतिमा धरून दाखवली होती. नखाहून थोडं मोठं नाणं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला राजा आणि कडेने ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला हातात वज्र उगारलेली देवी आणि कडेने खरोष्ठी अक्षरं. डोंगरांच्या पलीकडे होते तोवर हे ग्रीक राजे आपली मोठी, जड नाणी पाडत, फक्त आपल्या लिपीत. डोंगर उतरून अलीकडे आले, तर इथल्या बाजारात ते नाणं कोण वाचणार? मग त्यांनी नाणं हलकं केलं, अडीच ग्रॅमला थोडं कमी, आणि तोच मजकूर दोन्ही लिपींत घातला. ग्रीक डावीकडून उजवीकडे वाचायचं, नाणं उलटलं की खरोष्ठी उजवीकडून डावीकडे. दोन्हीकडे अर्थ एकच: महाराज, त्राता, मिनँडर. राजाने स्वतःला त्राता म्हणवून घ्यावं हे मला काही पटलं नाही आणि मी तसं बोललेही. भाऊजी म्हणाले, "सगळेच म्हणवून घेत. फार मनावर घेऊ नकोस, धाकटी." घरात मला सगळे धाकटीच म्हणतात.

ही नाणी संग्रहालयात एकशे अडुसष्ट होती. बरीचशी एकाच मातीच्या घड्यात सापडलेली. कोणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी घडा पुरला आणि परत काढायला आलाच नाही. उरलेली वेगवेगळ्या लोकांकडून एकेक करून विकत घेतलेली. चार ट्रे. प्रत्येक ट्रेमध्ये सहा ओळी, ओळीत सात खळगे. ओळ टाकसाळीच्या चिन्हाप्रमाणे लावलेली, आणि ओळीत डावीकडे घड्यातली नाणी, उजवीकडे विकत घेतलेली. हे सगळं मी इतकं नीट सांगते आहे, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

ते निवृत्त व्हायच्या साडेचार वर्षं आधी नवी कपाटं आली आणि कपाटांबरोबर नवे ट्रे. प्रत्येक खळग्याच्या तळाला छापलेला क्रमांक चिकटवलेला. दोन दिवसांनी तपासणी होती. भाऊजी एकटे होते, आणि ट्रे एकूण नव्वद. बाकीचे ट्रे त्यांनी रात्रंदिवस बसून चिमट्याने एकेक नाणं उचलून भरले. या चार ट्रेंपाशी ते पोचले तेव्हा दुसरा दिवस संपत आला होता. मग त्यांनी एक युक्ती केली. भरलेल्या जुन्या ट्रेवर रिकामा नवा ट्रे उपडा ठेवला, दोन्ही घट्ट धरले, पुस्तकाचं पान उलटावं तसे उलटले आणि जुना ट्रे वरून उचलला. सगळी नाणी एका झटक्यात नव्या ट्रेमध्ये. फक्त पालथी पडली, देवीची बाजू वर. ती त्यांनी एकेक करून जागच्या जागी सुलटी केली. राजाची तोंडं वर आली, काम झालं.

नाणी सुलटी झाली, पण जागा उलट्याच राहिल्या. डावीकडचं उजवीकडे गेलं होतं, उजवीकडचं डावीकडे. बरोबर राहिली ती फक्त मधली उभी रांग. आणि तपासणीसाला मधलीच रांग तपासायची सवय, कारण ट्रे पुढे ओढला की हात मधोमध जातो. खात्यातल्या प्रतिमांशी ताडून चोवीस नाणी बरोबर निघाली. शेरा मिळाला, उत्तम.

साडेचार वर्षं कोणाला काही कळलं नाही. त्या काळात खात्याच्या प्रमुख मॅडमनी नाण्यांचं मोठं पुस्तक तयार केलं. मॅडम हुशार, कामसू बाई. एकेक नाणं स्वतः तोललं, फोटो काढून घेतले. जुन्या नोंदवहीत वजन नव्हतंच, नुसतं लिहिलेलं, 'चांदीचे नाणे, लहान, एक'. तेव्हा वहीवरून पडताळायला काही साधनच नव्हतं. पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात मॅडमनी सिद्ध केलं की घड्यातली नाणी खूप झिजलेली, वजनाला कमी. म्हणजे ती पुष्कळ वर्षं हातोहाती फिरली असणार आणि घडा राजाच्या मागे दोन पिढ्यांनी पुरला असणार. त्या प्रकरणाचं बरंच कौतुक झालं. भाऊजींनी एक प्रत घरी आणली होती. आत त्यांचे आभार मानलेले होते, एक ओळ. जाऊने ती ओळ घरी येईल त्याला वाचून दाखवली.

मग बाहेरून कोणीतरी एकसष्ट क्रमांकाच्या नाण्याची प्रतिमा मागवली. भाऊजींनी नाणं काढलं, मेणात दाबलं, उचललं. ठसा पहिल्याच फटक्यात स्वच्छ निघाला, आणि ते घाबरले. कारण एकसष्ट नंबरच्या राजाच्या मानेवर छिन्नीचा खोल घाव होता. जुन्या काळी कोण्या सराफाने चांदी खरी आहे का बघायला केलेला. वीस वर्षांपूर्वी त्यांनी या नाण्याचा ठसा घेतला तेव्हा मेण त्या घावात अडकून तुटलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. आता घावच नव्हता. घाववालं नाणं त्यांना त्याच ओळीत मिळालं, एकोणसाठच्या खळग्यात.

त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत. जाऊ म्हणाली, पोट बिघडलंय का. ते म्हणाले, "अंड्यांचे दोन रिकामे ट्रे आहेत का घरात?"

ट्रे होते. माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं त्यांनी एका ट्रेमध्ये रंगवार लावली. डावीकडे पांढरी, मध्ये काळी, उजवीकडे लाल. दुसरा ट्रे वर उपडा ठेवला आणि आमच्या सगळ्यांसमोर उलटला. लाल डावीकडे आली. काळी तिथेच राहिली. भाऊजी बटणांकडे बघत उभे राहिले. मग बसले.

जाऊ म्हणाली, "अंडी असती तर लगेच कळलं असतं."

माझ्या नवऱ्याला हसू आलं, भाऊजींना नाही. नवरा म्हणाला, दादा, नाणी सगळी आहेत ना, हरवलं तर काही नाही, कोणाचं काय अडतंय. भाऊजींनी त्याला शांतपणे समजावून सांगितलं. घड्यातली नाणी खरं तर कोरी करकरीत आहेत, टाकसाळीतून निघाली आणि थोड्याच दिवसांत जमिनीत गेली. झिजलेली आहेत ती विकत घेतलेली. म्हणजे घडा राजाच्या हयातीतच पुरला गेला असणार. कोणीतरी घाईने पुरला, पळाला, मेला, देव जाणे. "त्या माणसाला मी दोन पिढ्या पुढे ढकललाय," ते म्हणाले. "एक ट्रे उलटून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सांगितलं. ते काय काय झालं हे मला त्यांनी नंतर तुकड्यातुकड्याने सांगितलं. मॅडम आधी हसल्या. मग म्हणाल्या, आठवणीचा भरवसा धरू नका, वीस वर्षांत माणसाला काहीही आठवतं. भाऊजी म्हणाले, माझ्याकडे प्रतिमा आहेत, कडेवर क्रमांक कोरलेल्या. मॅडम म्हणाल्या, प्रतिमांवरचे क्रमांकच चुकले असतील. आणि त्या प्रतिमा आहेत कुठे? फोटो झाल्यावर त्यांचं कपाट रिकामं करायला सांगितलं होतं ना. हे खरं होतं. खात्यातला संच अडगळ म्हणून टाकून दिला होता. पण भाऊजी पहिल्यापासून प्रत्येक ठशाची दुसरी प्रतही करत, हात बसावा म्हणून, आणि त्या प्रती बिस्किटांच्या चार पत्र्याच्या डब्यांत आमच्या माळ्यावर होत्या. जाऊ दरवर्षी ते डबे टाकून द्या म्हणायची.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही महिन्याभरात निवृत्त होताय. इतकी स्वच्छ नोकरी झाली तुमची. कशाला डाग लावून घेता?"

ते म्हणाले, "डाग लागलेलाच आहे, मॅडम. मी फक्त दाखवतोय."

यावर मॅडमनी विषय बदलला.

मग ते नोंदणीच्या कारकुनाकडे गेले. कारकून बरा माणूस, मदत करायची इच्छा असलेला. त्याने विचारलं, नाणं हरवलं? नाही. मोडलं? नाही. जास्तीचं सापडलं? नाही. एकशे अडुसष्ट होती, एकशे अडुसष्ट आहेत. मग तक्रार कशाबद्दल आणि कोणाविरुद्ध?

"माझ्याविरुद्ध," भाऊजी म्हणाले.

कारकुनाने खण उघडून सगळे छापील नमुने चाळले. स्वतःविरुद्ध तक्रारीचा नमुना त्याच्याकडे नव्हता. जागा बदलल्याचाही नव्हता. हरवणे, मोडणे आणि वाळवी, एवढेच होते. त्याने सुचवलं, काका, साध्या कागदावर अर्ज द्या. दिला. अर्ज मॅडमच्या टेबलावर गेला, कारण नाण्यांविषयीचा कुठलाही कागद त्यांच्याकडेच जाणार. तिथून तो हलला नाही. दुसरा दिला. तोही त्याच्यावर जाऊन बसला.

घरी वेगळाच गोंधळ. त्यांची लेक दूर दिलेली, दिवस भरत आलेले. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी दोघांनी तिच्याकडे जायचं ठरलेलं होतं. जाऊने बाळाची दुपटी, झबली शिवून पेटी भरून ठेवली होती. ती रोज म्हणायची, हात दाखवून अवलक्षण कशाला, गप सही करा आणि चला. पालथ्या घड्यावर पाणी आहे हे. मी काय बोलणार? मला तिचं पटायचं आणि त्यांचंही पटायचं. मी सकाळी पूजा करताना त्यांच्यासाठी दोन शब्द जास्त म्हणायची, एवढंच.

सही म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते त्याने निवृत्त होताना पुढच्या माणसाला एकेक नाणं दाखवून ताबा द्यायचा असतो. यादी छापलेली असते, क्रमांक, कुठून आलं, वजन. प्रत्येक ओळीपुढे 'बरोबर' म्हणून सही. यादी आता मॅडमच्या पुस्तकावरूनच काढलेली होती. ती सही झाल्याशिवाय नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र मिळत नाही. आणि सही केली की भाऊजींची चूक भाऊजींच्याच अक्षरात कायमची बरोबर होणार.

ताबा द्यायच्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं, डबे जड होते म्हणून. दोन त्यांनी घेतले, दोन मी. दारावरच्या पहारेकऱ्याने माझं नाव वहीत लिहून घेतलं, डबे उघडून बघितले आणि पांढऱ्या गोळ्या-बिळ्या आहेत का म्हणून विचारलं. नाण्यांची खोली मी पहिल्यांदाच पाहिली. खिडक्या उंचावर, जाळीच्या. मोठं टेबल, त्यावर हिरवं कापड, दोन भिंगं, एक काचेच्या पेटीतला तराजू. भाऊजींच्या स्टुलाला बसून बसून मधोमध खोलगट आकार आलेला. एकतीस वर्षं मी ज्या खोलीबद्दल ऐकलं होतं ती एवढीशीच होती.

मॅडम होत्या, आणि बदलून आलेल्या एक नव्या बाई, ज्यांच्याकडे किल्ली जाणार होती. बाकीचे ट्रे भराभर झाले. भाऊजी क्रमांक म्हणत, नव्या बाई बघत, दोघे सही करत. मिनँडरचे ट्रे आले तेव्हा भाऊजींनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "दुसरा डबा दे."

त्यांनी एकसष्ट कोरलेली प्रतिमा काढून मॅडमच्या हातात दिली. मग एकसष्टच्या खळग्यातलं नाणं. मग एकोणसाठच्या खळग्यातलं. मॅडमनी भिंग घेतलं. त्यांनी प्रतिमा पाहिली, नाणी पाहिली, पुन्हा प्रतिमा. मग स्वतःच डब्यात हात घालून आणखी एक प्रतिमा काढली, अठ्ठावन्न, आणि तिचं नाणं त्याच ओळीत समोरच्या बाजूला शोधलं. सापडलं. मग सत्तावन्न. नव्या बाई माझ्याकडे बघत होत्या, मी डब्याच्या झाकणाकडे.

मॅडम खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "माझं सगळं चौथं प्रकरण."

मला त्यांची दया आली. खोटं नाही सांगत. चार वर्षं खपून बांधलेलं घर, आणि पायाची वीट या माणसाने प्रामाणिकपणे उलटी ठेवलेली.

भाऊजी म्हणाले, आत्ता दोन तासांत मी सगळी नाणी आपापल्या जागी लावतो. मॅडमनी मान हलवली. म्हणाल्या, तेही करता येणार नाही. पुस्तक बाहेर गेलंय. लोक एकसष्ट म्हणतात ते पुस्तकातल्या फोटोतलं एकसष्ट. आज नाणी हलवली तर पुस्तक एक सांगेल, ट्रे दुसरं सांगेल, आणि यापुढे कोणाला कशाचाच मेळ लागणार नाही. हे ऐकून भाऊजींचा चेहरा उतरला, कारण ते बरोबर होतं. नाण्यांच्या बाबतीत तर्क बरोबर असला की ते वाद घालत नसत.

मग त्यांनी दुसरा तोडगा काढला. प्रत्येक नाण्याखाली एक जादा चिठ्ठी ठेवू, खरा क्रमांक लिहून. आणि यादीवर एक ओळ घालू की अदलाबदल माझ्या हातून झाली, अमुक दिवशी, अशा रीतीने. मॅडम म्हणाल्या, चिठ्ठ्या ठेवा. ओळ नको.

"चूक कोणी केली, कशी केली, हे लिहिलं नाही, तर दुरुस्तीवर कोण विश्वास ठेवणार?" भाऊजी म्हणाले. "उद्या कोणी म्हणेल, कुठल्या तरी म्हाताऱ्याने चाळा म्हणून चिठ्ठ्या घातल्या."

"तुमचं नाव लिहिलं तर माझंही लिहावं लागेल," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तपासलं मी होतं."

भाऊजींनी पेन उचललं. त्या चार ट्रेंच्या यादीत मधल्या रांगेच्या चोवीस नाण्यांपुढे त्यांनी सही केली. उरलेल्या एकशे चव्वेचाळीस ओळींपुढे काहीच नाही. तळाशी त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'ही नाणी पूर्ण आहेत. त्यांच्या जागा माझ्या हातून चुकल्या आहेत.' खाली नाव, तारीख. नव्या बाईंना किल्ली दिली, ताबा मिळाल्याची त्यांची सही घेतली, आणि आम्ही रिकाम्या हाताने निघालो. डबे तिथेच ठेवले, कारण चिठ्ठ्या लिहायच्या होत्या.

तीन दिवस नव्या बाईंच्या देखरेखीखाली बसून त्यांनी एकशे चव्वेचाळीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि नाण्यांखाली ठेवल्या. नाणं उचलल्याशिवाय चिठ्ठी दिसत नाही. आणि नाणं कोण उचलतं?

अर्धवट सहीची यादी कारकुनाने परत पाठवली. एकशे चव्वेचाळीस ओळी कोऱ्या, चालणार नाही. भाऊजींनी ती तशीच परत दिली. ती पुन्हा आली. वयाने ते निवृत्त झाले होते, पण मोकळं केल्याचं पत्र नव्हतं, म्हणून रोज हजेरी लावायला जायचे. खोलीची किल्ली आता नव्या बाईंकडे, आत जायची परवानगी नाही. तेव्हा बाहेरच्या बाकावर बसायचे, डबा खायचे आणि पाचला घरी यायचे. एकतीस वर्षांत त्या बाकावर ते कधी बसले नव्हते. शाळेची मुलं बघायला यायची, ती त्यांनाच विचारायची, आजोबा, पाणी कुठे आहे?

जाऊ एकटीच लेकीकडे गेली. मी तिला गाडीत बसवून दिलं. ती रडली नाही, पण पेटी आत ठेवताना म्हणाली, "आमच्या लग्नात सवत नव्हती असं मी समजत होते. एकशे चव्वेचाळीस निघाल्या." अकराव्या दिवशी तिचा फोन आला, नातू झाला. भाऊजींनी फोन कानाला लावला आणि नुसते हं हं करत राहिले. मला पलीकडचा तिचा आवाज ऐकू येत होता. "नातवाने डोळे उघडले. तुमच्या मॅडमनी उघडले का?"

मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाले, भाऊजी, आता करा सही. चिठ्ठ्या आहेत ना खाली. ते म्हणाले, "धाकटी, तू रोज देवापुढे बसतेस. माझं एक चुकलं असं तू म्हणालीस, आणि देव म्हणाला, नाही नाही, तुझं काही चुकलं नाही, जा घरी, तर तुला कसं वाटेल?"

मी पुन्हा सहीचं नाव काढलं नाही.

सातव्या आठवड्यात पत्र मिळालं. कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही. वर्षअखेरीला फायली बंद करायच्या होत्या, आणि त्या कारकुनाला आपल्या टेबलावरचा हा कागद नकोसा झाला होता. त्याने यादीच्या तळाशी, भाऊजींच्या ओळीवर, एक शिक्का मारून घेतला आणि मॅडमनी त्या शिक्क्याशेजारी आद्याक्षरं केली. शिक्का होता 'पाहिले'.

भाऊजी घरी आले. त्या कागदाची प्रत त्यांनी टेबलावर पसरली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली, जणू आणखी एखादं अक्षर उमटेल. 'मान्य' नाही, 'अमान्य' नाही. "पाहिलं म्हणे," ते म्हणाले. "भिंतीवरचं कॅलेंडरही पाहतात."

पुस्तकात दुरुस्ती होणार का, असं त्यांनी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, पुन्हा छापायची वेळ आली तर विचार करू. आणि असली पुस्तकं पुन्हा छापत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले की देवाने तर सगळं पाहिलंच आहे, तिथे तेवढं पुरतं.

"देवाने पाहिलंय ते मला ठाऊकच होतं," ते म्हणाले. "मला मॅडमचं 'मान्य' हवं होतं." आणि चिडून कागदाची घडी घातली, ती वाकडी पडली, पुन्हा उलगडून सरळ घातली.

दुसऱ्या दिवशी ते लेकीकडे गेले. जाण्याआधी बिस्किटांचे चारही डबे संग्रहालयातून आणून माझ्याकडे दिले. म्हणाले, माळ्यावर ओल येते, कोरड्या जागी ठेव. कोणी विचारायला आलं तर दे, पण मोजून नाही, क्रमांक बघून दे. आणि काही झालं तरी डबा उलटा करू नकोस.

डबे माझ्या कपड्यांच्या कपाटावर आहेत. पुसताना मी ते उचलत नाही, आजूबाजूने फडकं फिरवते. दोन वर्षं झाली. विचारायला अजून कोणी आलेलं नाही.